एक कडी

डेलमारच्या सलूनमध्ये शनिवारी सकाळी
चार खुर्च्या, त्यातली एक मोडकी,
आणि आठ जण. केस वाढलेत ते तिघांचेच.
बाकीचे कोच स्ट्राउडसाठी आलेले,
म्हणजे त्याची बाजू घ्यायला, नाहीतर त्याला सोलायला.

काल शाळेच्या बोर्डाचं पत्र निघालं: चौकशी होणार.
एकोणीस हंगाम, राज्याची चार विजेतेपदं.
पाण्याच्या टाकीवर रंगवलेली चारही सालं
इथून, काचेतून, दिसतात.
दर ऑगस्टला कुणीतरी वर चढून
त्यांना नवा हात देतं.

ओटिस पेटीबोन म्हणतो, माणूस धुतल्या तांदळासारखा.
माझा पोरगा पिऊन नदीकाठी पडला होता,
रात्री दोनला कोचने त्याला खांद्यावर टाकून घरी आणलं,
बूट काढले, कुशीवर झोपवलं,
आणि सोमवारी संघातून काढलं.
'कुशीवर,' ओटिस पुन्हा सांगतो,
'उलटीने गुदमरू नये म्हणून.'

तांदूळ धुतला तरी खडे निवडावेच लागतात, लॉरेन म्हणते.
ती शाळेच्या ऑफिसात बावीस वर्षं.
रसायनशास्त्रातला एक एफ
एका रात्रीत सी कसा झाला, तिने पाहिलंय.
कुणाचा? ती नाव घेत नाही,
पर्सची चेन लावते, उघडते, लावते.

मग वोझ्नियाकच्या डेनीचा विषय.
डोक्याला मार लागून बाकावर बसलेला,
दिवे दोन दोन दिसतायत म्हणत होता,
तरी शेवटच्या पाच मिनिटांत मैदानात.
'पोरानेच हट्ट धरला.'
'सोळा वर्षांचं पोर हट्ट नाही धरणार तर काय?'
'जिंकलो ना पण आपण?'

हे शेवटचं कोण बोललं, कळत नाही.
डेलमार मशीन बंद करतो.
थोडा वेळ नुसता रेडिओ:
हवामान, मक्याचे भाव.

मी तिसऱ्या खुर्चीत, गळ्याभोवती पांढरं कापड,
मिठाची गुळणी धरून.

तीस वर्षं मी मैदानाच्या कडेला साखळी धरतो.
दोन काठ्या, मधे दहा यार्ड, आणि कडीला अडकवलेली क्लिप.
क्लिप जिथे, तिथून मोजणी.
पैसे नाहीत. हॉटडॉग मिळतो.

त्या नोव्हेंबरात, चौथ्या डाउनला,
ढिगाऱ्याखालून चेंडू निघाला तेव्हा
अख्खं गाव बाकांवर उभं राहिलं होतं.
पंचाने हात केला. मी वाकलो.
कोच चार पावलांवर, टोपीवर बर्फाचे कण.
त्याने माझ्याकडे पाहिलं.
एवढंच. शब्द नाही, भुवई नाही.
आणि माझ्या अंगठ्याने
क्लिप एक कडी सरकवली.

साखळी ताणली. चेंडूचं नाक
काठीच्या बोटभर पुढे.
टाकीवरचं चौथं साल.

नंतर पार्किंगमध्ये तो जवळ आला.
मला वाटलं, आभार मानेल, नाहीतर थुंकेल.
'बोटं निळी पडलीत तुझी,' म्हणाला,
आणि स्वतःचे हातमोजे काढून दिले.

त्याने पाहिलं होतं की नाही
हे मी सहा वर्षं मोजतोय,
आणि या मोजणीला क्लिप कुठे लावायची
तेच सापडत नाही.

'तू तर त्याच्या शेजारीच उभा असतोस, मर्ल,'
वस्तरा पट्ट्यावर घासत डेलमार म्हणतो,
'तूच सांग, माणूस कसा आहे?'
आरशातले सगळे चेहरे माझ्याकडे वळतात.
कोट खुंटीवर आहे, हातमोजे कोटाच्या खिशात.

'कानावरचे अजून थोडे काढ,' मी म्हणतो.
'किती?'
कापडाखालून हात बाहेर काढून
मी अंगठा आणि बोट
जवळ आणून दाखवतो.